मुलुक कुठला?

टेमघर, भिवंडी
३० जून २०२५

वल्लरी,

अनय माझ्याकडे आहे आणि सुखरूप आहे. हे वाक्य आधी लिहायचं ठरवूनच बसले होते. पुढचं वाचायचं की नाही ते आता तुझं तू ठरव.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला बिनसतं. अण्णा गेल्यापासून तू दिवाळीला मला पणतीचं चित्र पाठवतेस, मी तुला जोडलेल्या हातांचं पाठवते, आणि दोघी सुटतो. पत्रात निदान कुणी मधेच तोडत नाही. पोस्टात विचारून आले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "जातं हो ऑस्ट्रेलियाला, पण अजून कोण लिहितं?"

तर तुझा मुलगा. तू आणि कुमारनी त्याला गणेशपुरीजवळच्या त्या ग्रामनिवासात तीन आठवड्यांसाठी पाठवलंत. 'खऱ्या भारताचा अनुभव' असं त्यांच्या माहितीपत्रकावर छापलंय, ते त्याने मला दाखवलं. सकाळी बैलगाडी, दुपारी चुलीवरची भाकरी, संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात भजन. तिथे तुळजा नावाची एक बाई आहे, बाजूच्याच पाड्यावरची. तिचं काम म्हणजे नऊवारी नेसून, नथ घालून पाहुण्यांसमोर जात्यावर दळायचं. अनय तिच्या शेजारी बसून दळायला शिकला. हाताला फोड आला तेव्हा त्याने तिला विचारलं, "तुमी रोज घरी पण असं करता?"

ती इतकी हसली म्हणे, की नथ सुटून पिठात पडली.

"येडा का खुला तू? घरी कोन दलत बसलाय? चक्की हाय ना गावान. आमच्या जात्यावर कोंबड्या बसतान!"

संध्याकाळी कंदील लागले तशी तुळजाने साडी बदलली, नथ डबीत ठेवली आणि नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून घरी गेली. अनय बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने तिला विचारलं, मग खरं कुठे बघायला मिळेल? तर ती म्हणाली, "आपला मानूस कोन हाय का तुझा हकडं?" हा म्हणाला, भिवंडीला मावशी आहे. "आँ? मग हितं कशाला झक मारतोस?" असं म्हणून तिने स्वतः त्याला एसटीत बसवून दिलं आणि कंडक्टरला सांगितलं, याला भिवंडीला उतरव, याला कळत नाही.

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात हा उंच मुलगा, पाठीवर सॅक, चिंब भिजलेला. मी ओळखलं नाही, वल्लरी. अकरा वर्षांचा असताना पाहिलेला, तोही अर्धा दिवस. "मावशी, मी अनय. मी येऊ शकतो?" असं विचारलं त्याने. कुणी मावशीला असं विचारतं का?

त्याने तुला लगेच कळवलं, हे त्यानेच सांगितलं. तुझं उत्तरही दाखवलं: 'ओके. पफर जवळ ठेव.' ते फुगीर जाकीट ना? त्याच्या सॅकमध्ये बघितलं मी. अगं, इथे पंख्याखाली माणूस वाफवून निघतो, जाकीट कशाला? पण तुझी काळजी अजून तशीच आहे हे बघून बरं वाटलं.

एक गोष्ट लिहू की नको म्हणून पेन दोनदा खाली ठेवलं. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही आलात, ठाण्याच्या हॉटेलात उतरलात, इथे जेवायला आलात आणि ताटं उचलायच्या आत निघालात. अण्णांनी नातवासाठी आठवडाभर काय काय ठरवून ठेवलं होतं. तू गेटपाशी त्यांना म्हणालीस, "अण्णा, त्याला खरा भारत दाखवायचाय. जयपूरचं विमान आहे. इथे काय आहे बघण्यासारखं?" अण्णा गप्प राहिले. मी नाही राहिले. मी म्हटलं होतं, "मग आम्ही काय खोटे?"

त्या तुझ्या वाक्याशी मी नऊ वर्षं भांडतेय. आणि आता तुझाच मुलगा माझ्या पलंगावर आडवा पडून विचारतोय, "मावशी, मला भिवंडी दाखवशील?"

विद्युल्लता


टेमघर
८ जुलै २०२५

वल्लरी,

मुलगा गोड आहे. त्याचं मराठी ऐकताना हसू दाबावं लागतं. 'हा बस', 'ती पाऊस', 'माझा आई'. मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण व्याकरणाची चूक कानाआड करता येत नाही. तरी यातली एकही सुधारलेली नाही. सुधारली तर बोलायचा थांबेल अशी भीती वाटते.

त्याला सकाळी चहाबरोबर खारी लागते. बरण्यांची झाकणं तो उघडतो, माळ्यावरचं सामान काढून देतो. मला गेल्या वर्षापासून स्टुलावर चढायची बंदी आहे. ते सोड, काही विशेष नाही.

पहिल्या सकाळी उठला आणि म्हणाला, "मावशी, मी किती छान झोपला! हा आवाज कुठून येतो?" मला कळेना कुठला आवाज. मग लक्षात आलं, मागच्या गल्लीतले लूम. खटखट, खटखट. मला आता ऐकूच येत नाहीत. तो म्हणाला, "घरी आई झोपताना डिशवॉशर लावते. रिकामा असेल तरी. बाबा ओरडतो, लाइटबिल येतं. आई म्हणते, नाहीतर मला झोप नाही येत."

वल्लरी, मी गॅसकडे तोंड करून उभी राहिले थोडा वेळ. दूध उतू जात नव्हतं.

त्याला भिवंडी दाखवायची म्हणजे काय दाखवायचं, हा मला पडलेला प्रश्न. वऱ्हाळा तलाव दाखवला, माझी शाळा दाखवली, तुझी शाळा दाखवली. तुझ्या शाळेसमोर तो बराच वेळ उभा होता, फाटकाचे फोटो काढले. मग म्हणाला, "आणि लूमच्या आत काय असतं?" मी सांगायला लागले: उभा धागा तो ताणा, आडवा तो बाणा, उत्तरेतून कारागीर आले, तेलंगणातून आले... तो ऐकून घेऊन म्हणाला, "तू आत कशी वाटली? म्हणजे तुला आत गेल्यावर कसं वाटलं?"

मी कधी आत गेलेच नव्हते. जन्म इथे गेला, वर्षानुवर्षं मुलांना 'भिवंडी कशासाठी प्रसिद्ध आहे?' या प्रश्नाला गुण दिले, आणि लूमचा उंबरा कधी ओलांडला नाही. आपल्या घरातून कुणी जातच नसे ना. अण्णा जात असतील, पालिकेत घरपट्टी खात्यात होते म्हणून.

मग आज गेलो. धामणकर नाक्याच्या मागे मोमीनशेठचा कारखाना आहे. निवृत्त झाल्यावर अण्णा रोज संध्याकाळी ज्यांच्याकडे चहाला बसायचे ते हे. करोनात अण्णांना नेलं तेव्हा चारच माणसांना परवानगी होती, तर हे रस्त्याच्या पलीकडे तोंडाला रुमाल बांधून उभे होते. आता थकलेत. मी ओळख करून दिली तर खुर्चीतून उठले आणि अनयचे दोन्ही हात धरले.

"अण्णासाब का नाती? अरे बेटा! अण्णासाब बोलके गए थे, नाती को लेके आता हूँ, लूम दिखाऊँगा. मैंने उस दिन दो मशीन साफ करवाके रखी थी."

म्हणजे अण्णांनी जे ठरवून ठेवलं होतं, ते हे होतं. मला आज कळलं.

आत काय ते लिहून सांगता येत नाही. आवाज कानातून नाही, पायातून वर येतो. कारागीर बनियन-लुंगीवर, भुवयांवर कापसाची पांढरी लव. मी पदराने कान झाकून दाराशी. अनय मात्र थेट मशीनपर्यंत. एक आझमगडचा कारागीर होता, त्याने अनयला तुटलेला धागा जोडायला लावला, आणि मग इथे प्रत्येकाला विचारतात ते विचारलं, "मुलुक कहाँ?"

अनय म्हणाला, "मेलबर्न."

"वो तो काम की जगह हुई. वहाँ पैसा कमाते हो. मुलुक कौन सा?"

अनय माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या बापाचं कोइमतूर, आईचं हे. तो कारागीर हसून म्हणाला, "मेरा आझमगड. बीस साल से भिवंडी में हूँ, पर मुलुक आझमगड. मेरा लडका इधरीच पैदा हुआ. उसको पूछो तो बोलता है, मुलुक? नागाव, शांतीनगर के बाजू में!"

सगळे हसले. आणि मग अनय मोठ्याने म्हणाला, लूमच्या आवाजात ओरडावंच लागतं, "मम्मी का मुलुक भिवंडी!"

कारागिराने मान हलवली. "तो ऐसा बोलो ना."

येताना त्याला जरा ऊन लागलं. आता झोपलाय. बाकी सगळं ठीक.

विद्युल्लता


टेमघर
११ जुलै २०२५

वल्लरी,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पावसाळी आभाळात ऊन कुठून लागणार, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. आणि तोपर्यंत त्याने तुला सांगितलेलंही असेल. तरी माझ्याकडून सांगते.

कारखान्यातून निघालो तेव्हाच तो गप्प झाला होता. शेअर रिक्षात बसलो, नाक्यावर ट्रकांची रांग, कंटेनर आडवा. मी बोलतेय आणि हा नुसती मान हलवतोय. मग बघितलं तर खांदे वरखाली होतायत आणि ओठांचा रंग गेलाय. "काय होतंय?" म्हटलं तर खिसे चाचपायला लागला आणि एकच शब्द बोलला, "पफर."

मी म्हटलं, "अरे जाकीट कशाला आता?"

मला तू काय म्हणशील ते म्हण. त्याची ती छोटी बॅग मीच घरी ठेवायला लावली होती, नाक्यावर पाकीटमार असतात म्हणून. त्यात ते श्वासाचं औषध होतं, तोंडात फवारायचं. पफर म्हणजे ते.

रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं, बाकीच्या दोघांना खाली उतरवलं आणि उलट्या बाजूने रिक्षा घातली. शिव्या खात, हॉर्न वाजवत एका दवाखान्याशी आणून सोडलं. डॉक्टरांनी मास्क लावून औषधाची वाफ दिली. त्याचा हात माझ्या हातात होता. मी तुझं नाव घेत होते की देवाचं ते मला सांगता येणार नाही. हळूहळू रंग परत आला. मास्कच्या आतूनच म्हणाला, "सॉरी मावशी." मला रडू आलं ते तेव्हा.

डॉक्टर मला विचारत होते, मुलाला दमा आहे हे माहीत नव्हतं का? मी म्हटलं, नाही. सख्खी मावशी, आणि माहीत नव्हतं.

दवाखान्यातूनच तुला फोन लावला होता मी. तुझ्याकडे उशीर झाला होता, उचलला नाहीस. दुसऱ्या दिवशी अनयने तुला व्हिडिओवर लावलं तेव्हा मी खोलीतच होते, कपाटाच्या बाजूला, तुला दिसणार नाही अशी. तू किती बारीक झालीस गं. तू त्याला रागावलीस, मग औषधांची नावं वाचायला लावलीस, आणि मग हळू आवाजात विचारलंस, "मावशी आहे का तिथे?" त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नाही म्हटलं. तू म्हणालीस, "तिला सांग, तिची काही चूक नाही." मी ऐकलं.

तुझा फोन झाल्यावर मी त्याला विचारलं, हे कधीपासून? आणि त्याने जे सांगितलं ते तू मला नऊ वर्षांत सांगितलं नाहीस.

तो म्हणाला, त्या दिवशी पण असंच झालं होतं. आजोबांकडे जेवताना. आई टेबलाखाली माझा हात धरून बसली होती, दुसऱ्या हातात पफर. मला बाथरूममध्ये नेऊन दिला. नंतर टॅक्सीत खूप झालं, जयपूरला दोन दिवस हॉटेलातच होतो. मी आईला विचारलं होतं, तू आजोबांना का नाही सांगितलं? तर आई म्हणाली, त्यांना कळलं की त्यांच्या घरात नातवाचा श्वास कोंडतो, तर ते परत कधी 'ये' म्हणणार नाहीत.

म्हणजे जयपूरचं विमान, खरा भारत, सगळं तेवढ्यासाठी. आणि मी इतकी वर्षं तुझ्या त्या वाक्याला उत्तरं जुळवत बसले, पोळ्या लाटताना, वर्गाकडे जाताना जिन्यात. किती सुंदर उत्तरं होती गं ती! वाया गेली.

पण अजून एक आहे. ते सांगायला हे पत्र.

काल मोमीनशेठ आले. जिना चढून, धापा टाकत, हातात मोसंबी. अनयच्या पलंगाशेजारी बसले आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून म्हणाले, "मेरी गलती है. अण्णासाब ने बताया था, मैं भूल गया."

मी विचारलं, "काय बताया था?"

"यही, की बच्चे को इधर की हवा नहीं जमती. उस दिन शाम को आए थे मेरे पास. मैंने पूछा, नाती कहाँ? बोले, उसकी साँस फूल रही थी, बेटी के हाथ में दवा देखी मैंने. फिर बोले, बेटी जाते-जाते कुछ और ही बोलके गई. मेरे वास्ते झूठ बोल रही थी, मोमीन. तो मैं चुप रहा."

वल्लरी, अण्णांना माहीत होतं. त्यांनी बघितलं होतं. त्या गेटपाशी ते दुखावून गप्प बसले असं मी धरून चालले, आणि मला वाटतं तूही तेच धरून चाललीस. ते दुखावले नव्हते. तू त्यांना जपत होतीस, आणि ते तुला जपू देत होते. मला त्यांनी का सांगितलं नाही? कारण मी तुला दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं असतं, हे ते ओळखून होते.

मोमीनशेठना मी विचारलं, अण्णा तेव्हा वाईट वाटून बोलत होते का? ते जरा विचार करून म्हणाले, "नहीं. चाय दो बार पी उन्होंने."

अनय आता बरा आहे. पफर त्याच्या गळ्यात दोरीने बांधलाय मी. त्याला आवडलेलं नाही.

ताई


पाडा, गणेशपुरीजवळ
२१ जुलै २०२५

वलू,

हे पत्र तुळजाच्या ओटीवर बसून लिहितेय. डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर तरी शहराच्या धुळीतून बाहेर न्या. अनयने तुळजाला फोन लावला. ती पलीकडून एवढी ओरडली की मलाही ऐकू आलं, "मावशीलापन घेऊन ये!" तुझ्याशी बोलून त्याने तुझी परवानगी घेतली म्हणाला. तू म्हणालीस, 'मावशी बरोबर आहे ना, मग जा.' एवढंसं वाक्य, पण मी ते बरोबर घेऊन एसटीत बसले.

इथे हवा ओली आणि स्वच्छ आहे, मुलगा भरपूर जेवतोय. तुळजाचा नवरा दामू शेती बघतो. आवणी चालू आहे, म्हणजे भाताची रोपं खाचरात लावणं. अनय पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरला. एक ओळ लावली त्याने. थोड्या वेळाने दामू म्हणाले, "याची रोपा पोवाया लागली!" खरंच, सगळी पाण्यावर तरंगत होती. दामूंनी ती गोळा करून निमूट परत लावली.

पण परवा एक रामायण झालं, ते सांगते. अनय तुझ्यासाठी व्हिडिओ करतोय. तुला सांगायचं नव्हतं, पण मला गुपितं ठेवायचा कंटाळा आलाय. त्याला आवणीचं चित्रण हवं होतं. तुळजा लगेच तयार. नऊवारी काढली, नथ घातली, वर गजरा. ग्रामनिवासात हे काम म्हणून करते, आणि इथे हौस म्हणून. मी म्हटलं, "अगं, खाचरात नऊवारी?" तर म्हणते, "आज्जी म्हनायची, लुगडा नेसून लावला त भात चांगला येतो. मना म्हाईत न्हाय खरा हाय का. पन फोटो चांगला येतो!"

तिची मुलगी मेघाली भिवंडीच्या गोडाऊनमध्ये कामाला आहे. आपण घरबसल्या मागवतो ती पार्सलं स्कॅन करून लावायची. सकाळची शिफ्ट करून ती दुपारी आली, अंगात कंपनीचं निळं जॅकेट, गळ्यात कार्ड, आणि तशीच चिखलात उतरली. आईशेजारी वाकून भराभर लावायला लागली. काय हात चालतो तिचा! अनय बांधावरून म्हणाला, "मेघाली, तो जॅकेट काढशील? फ्रेममध्ये बरोबर नाही वाटत."

ती सरळ उभी राहिली. हातात रोपांची मूठ तशीच.

"काय बरोबर न्हाय?"

"म्हणजे... गावचं नाही वाटत."

"मी गावची न्हाय? का जॅकेट माजा न्हाय?"

"तसं नाही..."

"पहाटं उठून बस पकडतंय, शिफ्ट करतंय, येऊन आवणी करतंय. जॅकेट काढला का तुला मी खरी वाटनार, आन घातला का खोटी? मग तू सांग, तू कंचा कपडा काढला का खरा?"

तुळजा म्हणाली, "ए मेघे, पावना हाय तो." ती म्हणाली, "असू दे." आणि परत वाकली.

अनयचा चेहरा कानापर्यंत लाल. मोबाइल खिशात टाकून ओटीवर येऊन बसला. मी भाजी निवडत होते. मला वाटलं, समजूत घालावी, पण माझ्याही मनात काही पक्कं नव्हतं. तुळजाची नथ खोटी म्हणावी, तर तिच्याइतकी खुशीत नथ घालणारी बाई मी बघितली नाही. माझ्या पुढ्यातली एक काडी उचलत तो म्हणाला, "मावशी, ग्रामनिवासवाल्यांनी जे केलं, तेच मी केलं ना?" मी म्हटलं, "हो." मग म्हटलं, "पण तुला लाज वाटली. जा, तिला सांग तसं."

तो गेला. त्याने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. त्याच्या मराठीत सांगितलं असेल, तर तिलाही किती कळलं कुणास ठाऊक. पण संध्याकाळी दोघं ओटीवर होती, ती त्याला तिच्या मोबाइलवरच्या गोडाऊनच्या गमती दाखवत होती, आणि हा पोट धरून हसत होता.

व्हिडिओत आता जॅकेट आहे, नथ आहे, आणि मागून दामूंच्या रेडिओवर कुठलं तरी हिंदी गाणं चाललंय. मीपण आहे, कोथिंबीर निवडताना. केस विस्कटलेत. काढून टाक म्हटलं तर ऐकत नाही.

रविवारी त्याचं विमान. मी त्याला सोडायला विमानतळावर जाणार आहे. इतकी वर्षं मी तिथे कुणालाच सोडायला गेले नव्हते.

तुझी ताई


टेमघर, भिवंडी
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय वलू,

दहा-बारा दिवसांपूर्वी तुझा फोन आला तेव्हा आपण दोघी काहीच धड बोललो नाही, म्हणून हे.

तू म्हणालीस, माझी चारही पत्रं एकाच दिवशी पोचली, आणि तू ती गाडीत बसून वाचलीस, घरात नेण्याआधी. मग गाडीतूनच फोन केलास. 'ताई, अण्णांनी दोन वेळा चहा घेतला?' एवढं विचारलंस आणि पुढे तुला बोलवेना. मी 'हो, हो' म्हणत राहिले. किती वेळ ते माहीत नाही. शेजारच्या आक्का दार ढकलून आत आल्या, काय झालं म्हणून. मी त्यांना हाताने खुणावलं, काही नाही, बहीण आहे. त्या म्हणाल्या, "मग रडा निवांत," आणि दार ओढून घेऊन गेल्या.

स्टुलावर चढायची बंदी का, हे तू विचारलंस त्याचं उत्तर. गुडघा. आता बरा आहे. मागच्या वर्षी पडले होते, ते तुला कळवलं नव्हतं. हाड मोडलं नव्हतं, नुसती चीर. महिनाभर आक्कांनी डबा दिला. आता यापुढे कळवीन. तूही कळवायचं. काळजी वाटेल म्हणून लपवायचं, असं आपल्या घरात फार झालं.

आणि दुसरं. तू 'इकडे ये' म्हणालीस. मी फोनवर 'बघू' म्हटलं. वलू, मी येते. पासपोर्टचा अर्ज केलाय. चौकशीला पोलीस आले होते, माझा जुना विद्यार्थी निघाला. विचारत होता, "बाई, एवढ्या लांब कशाला?" मी म्हटलं, बहिणीकडे. त्याने चहा घेतला आणि सही घेऊन गेला.

कुमारनी लगेच मला माहिती पाठवली. कुठला तरी समुद्रकिनाऱ्याचा रस्ता, कांगारूंचं उद्यान, सिडनीचं विमान. फार प्रेमाने जमवलंय त्यांनी, त्यांना नाही म्हणू नकोस. एखादा कांगारू मी बघीन. पण तुला म्हणून सांगते, माझ्यासाठी सुट्टी काढू नकोस. मला फिरवू नकोस. तुझं गाव मला तसंच राहू दे, जसं रोज असतं. तू भाजी कुठून आणतेस, कुठला दुकानदार तुला नावाने हाक मारतो, दिवाळीला तुझ्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, थंडीत तू कुठल्या खिडकीशी चहा घेऊन बसतेस, ते मला माहीत नाही. एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नाही मी. पणतीचं चित्र बघून कसं कळणार?

तू सकाळी कामाला जा. मी घरात एकटी काय करीन याची चिंता करू नकोस. अनय कॉलेजला जाण्याआधी मला गॅस कसा लावायचा ते दाखवेल. मी वरणभात लावीन, कपड्यांच्या घड्या करीन, तुझ्या रस्त्यावरून कोण कोण जातं ते बघत बसेन. आणि संध्याकाळी तू दमून येशील, पर्समध्ये किल्ली शोधायला लागशील, तेव्हा शोधू नकोस.

बेल वाजव. दार मी उघडीन.

तुझी
ताई